आवाज कुणाचा? शिंप्याचा!

गेले आठ दिवस पहाटे खिडकीबाहेर 'टुविट-टुविट-टुविट' चालू होतं. आवाजावरून वाटलं, पक्षी चांगला साळुंकीएवढा असणार.

शेवटी फोनवर 'मर्लिन' सुरू करून तो खिडकीत ठेवला. उत्तर आलं: शिंपी! जास्वंदीत डोकावले तर खरंच, एवढासा जीव शेपटी उभारून ओरडत होता.

मर्लिन हे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी-प्रयोगशाळेचं मोफत ॲप. आवाज ओळखायची सोय त्यात २०२१ मध्ये आली. ते आवाजाचं चित्र काढतं (आडवा वेळ, उभी स्वराची उंची) आणि ओळखीच्या चित्रांशी ताडून पाहतं. आपल्या भागाचा बर्ड पॅक एकदा डाउनलोड केला की नेटही लागत नाही.

वापरताना पंखा, मिक्सर बंद ठेवा.

आणि ॲप म्हणेल ती पूर्वदिशा मानू नका. कोतवाल शिक्र्याची नक्कल करतो, तिथे ॲपही फसू शकतं. डोळ्यांनी खात्री करा.

तांबट मात्र ॲपशिवायही कळतो: तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसं एका लयीत 'टुक-टुक-टुक'.

तुमच्या खिडकीशी कोण गातंय? कमेंटमध्ये लिहा, मिळून ओळखू.