जरीपटका, पानिपत आणि नारळीकरांची गोष्ट: विज्ञानकथेवर सिनेमा काढायचा तर कसा?

नागपुरात जरीपटका म्हटलं की आठवते ती उत्तर नागपुरातली गजबजलेली बाजारपेठ आणि फाळणीनंतर तिथं स्थिरावलेली सिंधी वस्ती. पण हा शब्द मूळचा मराठी फौजेच्या निशाणाचा. जरीकाम केलेल्या झेंड्याला जरीपटका म्हणायचे. आणि मराठी फौजेचा विषय निघाला की गाडी एका प्रश्नावर येतेच. पानिपत जिंकलो असतो तर?

१४ जानेवारी जवळ आली की सोशल मीडियावर यावरून वाद रंगतात. पण या प्रश्नाची सगळ्यात भन्नाट मांडणी केली ती एका खगोलशास्त्रज्ञाने. डॉ. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही ती कथा. एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात ‘द अ‍ॅडव्हेंचर’ नावाचा जो धडा आहे, तो याच कथेवरून घेतलाय.

गोष्ट अशी. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे यांना पुण्यात ट्रकची धडक बसते आणि ते वेगळ्याच हिंदुस्थानात पोहोचतात. तिथं मुंबईत अजून ईस्ट इंडिया कंपनीचं ऑफिस आहे आणि पुण्याहून निघालेल्या रेल्वेला इंग्रजांच्या हद्दीत शिरताना तपासणीसाठी थांबावं लागतं. गंगाधरपंत लायब्ररी गाठतात आणि स्वतःच लिहिलेला इतिहास उघडतात. त्यात पानिपत मराठ्यांनी जिंकलेलं असतं. कारण एकच, विश्वासरावांना लागलेली गोळी तिथं कानाजवळून निघून गेलेली असते.

आता यावर सिनेमा काढायचा ठरवला तर?

पहिला मोह होईल लढाईचा. हत्ती, तोफा, हजारो सैनिक. पण कथेतलं आश्चर्य रणांगणावर नाहीच, ते लायब्ररीच्या टेबलावर आहे. ओळखीचं पुस्तक, ओळखीचं पान आणि मजकूर मात्र वेगळा. लढाईवर तासभर खर्च केला तर आणखी एक ऐतिहासिक सिनेमा तयार होईल, विज्ञानकथा हातातून निसटेल.

दुसरा मोह म्हणजे टाइम मशीन. गंगाधरपंतांना १७६१ मध्ये पाठवायचं आणि विश्वासरावांना वाचवायला लावायचं. टाळ्या पडतील, पण कथेचं विज्ञानच बदलेल. गंगाधरपंत भूतकाळात जात नाहीत. ते वर्तमानातच राहतात, फक्त दुसऱ्या जगाच्या वर्तमानात.

हे विज्ञान नेमकं काय आहे? कथेत त्याचे दोन धागे आहेत. पहिला कॅटॅस्ट्रॉफी थिअरीचा. फ्रेंच गणितज्ञ रेने थॉम यांनी मांडलेलं हे गणित सांगतं की परिस्थिती हळूहळू बदलत असली तरी एका टप्प्यावर परिणाम अचानक पालटू शकतो. वाकवत नेलेली काडी एका क्षणी कट्‌कन मोडते, तसं. पानिपतावर विश्वासराव पडले आणि फौजेचा धीर सुटला, तो असाच टप्पा.

दुसरा धागा क्वांटम सिद्धांताचा. इलेक्ट्रॉन नेमका कुठे सापडेल हे आधी सांगता येत नाही, फक्त शक्यता सांगता येतात. १९५७ मध्ये ह्यू एव्हरेट या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने केलेल्या मांडणीतून पुढे कल्पना आली की या सगळ्या शक्यता वेगवेगळ्या जगांत खऱ्या होत असतील. बंदुकीच्या गोळीएवढ्या मोठ्या वस्तूवर क्वांटमचा परिणाम जाणवत नाही आणि या जगातून त्या जगात माणूस जाऊ शकतो याला पुरावा नाही. नारळीकरांनी कल्पनेची उडी घेतली ती इथं. पण उडी एकदा घेतल्यावर पुढचं सगळं तर्काने चालतं. मराठे जिंकले, म्हणून इंग्रजांचं राज्य पसरलं नाही, म्हणून कंपनी मुंबईसारख्या ठिकाणीच उरली.

जगभरातले चांगले विज्ञानपट हेच करतात. अँडी वियर यांच्या कादंबरीवरचा ‘द मार्शियन’ (२०१५) घ्या. मंगळावरच्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे, त्यामुळे तिथलं वादळ यान कलंडवू शकत नाही. ही सूट लेखकाने जाणूनबुजून घेतली, कारण नायक मंगळावर अडकायला हवा होता. त्यानंतर मात्र बटाटे पिकवण्यापासून पाणी बनवण्यापर्यंत बहुतेक सगळं विज्ञानाच्या नियमांना धरून राहतं.

‘२००१: अ स्पेस ओडिसी’ (१९६८) या सिनेमाचं बीज आर्थर क्लार्क यांच्या एका लघुकथेत होतं. अवकाशात हवा नाही, म्हणजे आवाजही नाही. दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक यांनी यानाबाहेरच्या दृश्यांत स्फोटांचे आणि इंजिनांचे आवाज भरले नाहीत. एका दृश्यात तर पूर्ण शांतता आहे आणि तीच अंगावर येते. विज्ञान पाळल्याने मजा गेली नाही, उलट वाढली.

नारळीकरांच्या कथेत अशी जागा शेवटाकडे आहे. गंगाधरपंत आपल्या जगात परततात, तेव्हा त्यांच्याकडे त्या दुसऱ्या जगातल्या बखरीचं एक फाटलेलं पान असतं. या जगातल्या बखरीत गोळी लागते, त्या पानावर ती चुकते. ना स्पेशल इफेक्ट, ना मोठा सेट. दोन पानं शेजारी ठेवली की प्रेक्षकाच्या अंगावर काटा येईल.

आणि खरी जोखीमही इथंच आहे. या कथेला ‘आपणच जिंकलो’ अशी आरोळी बनवणं सोपं आहे, सिनेमा चालेलही. पण कथा विजयाचा जल्लोष करत नाही. ज्या इतिहासावर आपण छाती फुगवतो किंवा हळहळतो, तो कधीकधी बोटभर अंतरावर ठरलेला असतो, असं ती सांगते. पडद्यावर जरीपटका जरूर फडकावा, पण प्रेक्षक थिएटरबाहेर पडताना त्याच्या डोक्यात ते फाटलेलं पान राहिलं पाहिजे.