चातुर्मासातला कॅमेरा

नागपूरच्या दक्षिणेस, हैदराबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर आणि नागपूर-वर्धा लोहमार्गावर वसलेल्या बुटीबोरीत बर्फ पडत नाही. परंतु उघड्यावर छायाचित्रण करणाऱ्याला येथे वर्षाचे निदान सहा महिने पाण्याचा विचार करावाच लागतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी पाऊस आणि गारपीट (२०१४ सालच्या गारपिटीने विदर्भासह राज्याच्या मोठ्या भागातील रब्बी पिके आडवी केली होती), मे-जूनमध्ये धुळीच्या वावटळीमागून कोसळणारा वळीव आणि त्यानंतर झड, म्हणजे दिवसेंदिवस न उघडणारा संथ पाऊस, असा हा क्रम असतो. गारपीट आणि वळीव आडोसा गाठेपर्यंतच त्रास देतात. झड मात्र थेंबांनी जेवढे नुकसान करते त्याहून अधिक नुकसान हवेत मागे राहणाऱ्या ओलाव्याने करते, आणि या ओलाव्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

महागड्या कॅमेऱ्यांच्या जोडांवर आणि बटणांखाली पाणी अडवणाऱ्या रबरी पट्ट्या बसवलेल्या असतात. त्या रचनेस ‘वेदर सीलिंग’ म्हणतात. पाण्यापासूनच्या संरक्षणाचे आंतरराष्ट्रीय प्रमाण ‘आयपी’ अंकांनी सांगितले जाते, ज्यात पाण्यासाठीचा ४ हा अंक सर्व बाजूंनी उडणाऱ्या शिंतोड्यांपासून, तर ७ हा अंक १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे बुडण्यापासून बचाव दर्शवतो. परंतु बहुसंख्य कॅमेऱ्यांना असा कोणताही अंक दिलेला नसतो. शिवाय रबर उष्णतेने कडक होत जाते, आणि ४५ अंशांपर्यंत तापणाऱ्या नागपुरी उन्हाळ्यात बंद मोटारीत राहिलेल्या उपकरणाची पट्टी पावसाळ्यात पूर्वीसारखी घट्ट बसेलच असे नाही.

म्हणून वरून आच्छादन हवेच, आणि त्यासाठी जाड, पारदर्शक पन्नी, म्हणजे प्लास्टिकची पिशवी, पुरते. पन्नीच्या बंद टोकाला लेन्स हूडच्या, म्हणजे भिंगापुढील छत्रीवजा कड्याच्या, घेरापेक्षा किंचित लहान भोक पाडून त्यातून हूड बाहेर काढावे, कडेच्या मागे रबरबँड चढवावा आणि पन्नीचे उघडे तोंड खालच्या बाजूस ठेवून तेथून दोन्ही हात आत घालावेत. तोंड बांधून टाकण्याचा मोह टाळावा, कारण हातांचा घाम आणि ओली हवा आतच कोंडते आणि पन्नीच्या आतल्या बाजूस पाणी सुटू लागते. सर्वांत जपावे लागते ते झूम भिंगाला: लांबचे दृश्य टिपताना भिंगाची नळी पुढे सरकते, तिच्यावर पाण्याचा पातळ थर बसतो, आणि कडे उलटे फिरवताच तो थर नळीबरोबर थेट आत ओढला जातो. नळी मागे घेण्यापूर्वी ती सुती फडक्याने टिपून घेणे ही दोन सेकंदांची कृती आहे. घाईत नेमकी तीच राहून जाते.

पाऊस थांबलेला असतानाही कॅमेरा ओला होऊ शकतो. हवेतील वाफ ज्या तापमानाला द्रवरूप होते त्यास दवबिंदू म्हणतात. २६ अंश तापमानाच्या आणि ९० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू सुमारे २४ अंश असतो. नागपुराहून वातानुकूलित मोटारीत २२ अंशांपर्यंत थंड झालेला कॅमेरा बुटीबोरीला उतरताच बाहेर काढला, तर भिंगावर क्षणात धूसर पडदा चढतो. वरून पुसला तरी तो पुन्हा येतो. वाटेतले जामठा गाव ओलांडताच वातानुकूलन बंद करून बाहेरची हवा आत घेणे, किंवा पिशवीची चेन न उघडता कॅमेरा अर्धा तास तसाच राहू देणे, हे यावरचे साधे उपाय आहेत. लडाखला किंवा स्पितीला गेलेल्या मराठी प्रवाशांना हाच नियम उलट्या दिशेने पाळावा लागतो: बर्फातला गार कॅमेरा उबदार खोलीत नेण्याआधी बाहेरच पन्नीत बंद करावा, म्हणजे दव पन्नीवर साचते. बर्फाचा कोरडा भुगा ब्रशने झटकावा. तोंडाने फुंकर घातल्यास तो वितळून फटींत शिरतो.

घरी परतल्यावर बॅटरी आणि कार्ड काढून कॅमेरा मऊ सुती कापडाने, न घासता, टिपावा आणि पंख्याखाली ठेवावा. केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा पाणी आणखी आत ढकलू शकते, आणि तांदळाच्या डब्यात उपकरण पुरल्यास पिठाची धूळ तेवढी फटींत जाते.

बुटीबोरी परिसरातील लग्नांचे चित्रण करणाऱ्यांच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी आहे. आषाढी एकादशीला चातुर्मास सुरू होतो, तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात, आणि त्यामुळे वर्षातील सर्वांत दमट महिन्यांतच त्यांची भिंगे काळोख्या कपाटात, ओल धरून ठेवणाऱ्या स्पंजच्या पिशवीत पडून राहतात. आर्द्रता दीर्घकाळ ६० ते ६५ टक्क्यांच्या वर राहिली की भिंगांवर बुरशीचे तंतू वाढतात, त्यांतून स्रवणारी आम्ले काचेवरील लेप खातात, आणि बुरशी काढली तरी खाल्लेला लेप परत येत नाही. भर पावसात चित्रण करणारा निदान रोज भिंग पाहतो. कपाटातले भिंग कोणीच पाहत नाही.

अशा भिंगांसाठी घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात ओलावा शोषणारे सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढी सामग्री पुरेशी आहे. आतील आर्द्रता ४० ते ५० टक्के राखावी. जेलचे नारिंगी दाणे हिरवे पडले की ते मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात. ज्यांची भिंगे आज पिशवीत बंद आहेत, त्यांनी ती बाहेर काढून टॉर्चच्या उजेडात आरपार पाहावीत, आणि कोळ्याच्या जाळ्यासारखा एखादा तंतू दिसला तर ते भिंग इतरांपासून वेगळे करून लगेच दुरुस्तीस द्यावे. कार्तिकापर्यंत थांबू नये.