तबकडीचा सूर आणि लेथवरची पुली

जुन्या विद्युत रेकॉर्ड प्लेअरवर नाट्यसंगीताची परिचित तबकडी लावावी आणि गायकाचा स्वर उतरलेला भासावा, असा अनुभव अनेक संग्राहकांना येतो. दोष बहुधा तबकडीचा नसून ती फिरण्याच्या गतीचा असतो. गती सुमारे साडेपाच टक्क्यांनी घटली की काळी एकचा षड्ज पांढरी एकवर येतो. मुंबईच्या चोरबाजारातून किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेल्या अशा यंत्रांचे मूळ सुटे भाग सहसा मिळत नाहीत. मग घरातल्या छोट्या लेथचा आधार घ्यावा लागतो.

मात्र लेथला हात लावण्यापूर्वी यंत्र उघडून स्वच्छ करणे अगत्याचे. वर्षानुवर्षे गोठलेले ग्रीस मोटरच्या बुशमध्ये चिकटून बसते आणि निम्म्या तक्रारी तेवढ्यानेच उद्भवतात. ते पुसून पातळ तेलाचे दोन थेंब सोडले तर कित्येकदा नवा भाग करण्याची गरजच उरत नाही. उत्साही कारागिराला हे रुचत नाही, ही गोष्ट वेगळी! विजेची तार काढून ठेवणे आणि जीर्ण वायर बदलणे हेही याच टप्प्यावर व्हावे.

गेल्या शतकाच्या मध्यावरच्या बहुतेक घरगुती प्लेअरमध्ये मोटरच्या दांड्यावर पायऱ्या असलेली पितळी पुली असते. तिला टेकलेले रबरी चाक थाळीच्या कडेला आतून घासते आणि थाळी फिरते. येथे गंमत अशी, की मधल्या चाकाच्या आकाराचा गतीशी काहीही संबंध नाही. पुलीच्या पृष्ठभागाचा वेग ते चाक जसाच्या तसा थाळीला पोहोचवते. म्हणूनच एकाच जागी दाबून राहिल्याने चपटे झालेले रबर लेथवर फिरवून बारीक पॉलिश पेपरने गोल करता येते. चाक थोडे लहान झाले तरी सूर ढळत नाही. रबर कडक झाले असेल, तर मात्र ते बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

पुलीबाबत ही मोकळीक नाही. मोटर मिनिटाला १४०० फेरे घेत असेल आणि थाळीच्या कडेचा आतला व्यास २५० मिलिमीटर असेल, तर ३३⅓ फेऱ्यांसाठी पुलीचा व्यास ५.९५ मिलिमीटर हवा. ७८ फेऱ्यांसाठी १३.९. त्या बारीक पायरीवर दशांश मिलिमीटरची चूक झाली तर गती १.७ टक्क्यांनी बदलते. संगीतशास्त्रातल्या प्रमाणश्रुतीचे गुणोत्तर ८१:८०, म्हणजे सव्वा टक्का. थोडक्यात, व्हर्निअर कॅलिपरवर जेमतेम दिसणारी चूक एका श्रुतीहून मोठी ठरते.

अमेरिकेतून आणलेल्या यंत्रांची अडचण आणखी निराळी. तेथील वीज ६० हर्ट्झची, आपली ५० हर्ट्झची. अशा मोटरची गती येथे सहाव्या हिश्श्याने कमी होते आणि स्वर तीन पट्ट्यांहून अधिक खाली जातो. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर जोडला तरी ही त्रुटी दूर होत नाही. त्यासाठी मूळ पुलीच्या १.२ पट व्यासाची पुली कातावी लागते.

पुली कातताना छिद्र आणि बाहेरचा पृष्ठभाग जॉब चकमधून न काढता एकाच बांधणीत करावा. मध्येच तो सोडून पुन्हा पकडला, की दोहोंचे केंद्र सरकते आणि संगीतामागे घरघर ऐकू येते. व्यास किंचित मोठा ठेवून अखेरचा अंश पॉलिश पेपरने उतरवणे हिताचे. घासलेले पितळ परत चिकटवता येत नाही.

पडताळणीसाठी पट्ट्यांची स्ट्रोब चकती थाळीवर ठेवतात. ५० हर्ट्झच्या विजेवर निऑन दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, त्यामुळे ३३⅓ फेऱ्यांना १८० आणि ७८ फेऱ्यांना ७७ पट्ट्या स्थिर दिसतात. त्या उलट दिशेने सरकल्या तर गती कमी आहे. बऱ्याच एलईडी दिव्यांखाली मात्र ही चाचणी फसते. चकतीबरोबर तबकडीही ठेवून सुई टेकवावी. भाराखाली मोटर थोडी मंदावते.

लाखेच्या जुन्या तबकड्यांपाशी मात्र अचूक ७८ फेरेही पुरेसे नसतात. विद्युत ध्वनिमुद्रण १९२५ च्या सुमारास सुरू होण्यापूर्वी मुद्रणाची गती सर्वत्र एकसारखी नव्हती. त्या गायकांचा मूळ षड्ज शोधायचा तर गती कमी-जास्त करता यायला हवी. लेन्कोच्या काही टर्नटेबलमध्ये मोटरचा दांडाच शंकूच्या आकाराचा असतो. त्यावर चाक पुढे-मागे सरकवले की गती हळूहळू बदलते. घरच्या लेथवर तसा निमुळता दांडा कातता येतो, पण तो मोटरच्या अक्षाशी तंतोतंत जुळवण्यात बराच वेळ जातो.