हात धुणे : सोवळे आणि स्वच्छता

आम्ही नारायण पेठेतले. पेठेतल्या जुन्या वाड्यांत बाहेरून आलेला मनुष्य प्रथम न्हाणीकडे वळे. हातपाय धुतल्यावाचून त्याला स्वयंपाकघरात पाऊल टाकता येत नसे. ही शिस्त चांगलीच होती. परंतु तांब्याभर पाणी हातावरून ओघळले की हात शुद्ध झाले, असा जो समज तिच्याबरोबर आमच्यात रुजला, तो अपुरा आहे. सोवळे व स्वच्छता या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

विषय बाळबोध वाटेल. पण एकेकाळी तो थोर डॉक्टरांनाही पटला नव्हता. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात डॉक्टर शवविच्छेदन करून तेच हात घेऊन बाळंतिणींना तपासत. १८४७ च्या एप्रिलमध्ये तेथील एका कक्षात शंभरांमागे अठरा बाळंतिणी दगावल्या. मे महिन्यात सेमेलवाइस या डॉक्टराने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि जूनमध्ये हे प्रमाण शंभरांमागे दोनांवर आले. तरीही अनेक सहकाऱ्यांनी त्याचे म्हणणे मानले नाही.

हे आपल्यापासून फार दूरचे वाटत असेल, तर पुण्याकडेच पाहू. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिया-बारे या विकाराचे रुग्ण एकाएकी वाढले. यात शरीराची संरक्षणशक्ती उलटून स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते. हातापायांतले बळ जाते, कित्येकांना कृत्रिम श्वासोच्छ्वास द्यावा लागतो. काही रुग्ण दगावलेही. काहींच्या शौचाच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू, तर काहींच्या तपासणीत नोरोव्हायरस आढळला. दोन्ही पोटात जातात ते दूषित अन्नपाण्यावाटे आणि मळक्या हातांवाटे.

आता साबण काय करतो ते पाहू. हातावर तेलकट थर असतो व त्यात जंतू अडकून बसतात. नुसते पाणी तेलावरून घसरून जाते. साबणाच्या कणाचे एक टोक तेलाला धरते, दुसरे पाण्याला. म्हणून चोळल्यावर तेलकटपणा, मळ व जंतू एकत्रच वाहून जातात. बाटलीतले अल्कोहोलयुक्त द्रव सोयीचे खरे, पण नोरोव्हायरसवर त्याचा प्रभाव कमी पडतो. तेथे साबण व वाहते पाणीच हवे.

तेव्हा शौचाहून आल्यावर, तान्ह्याचे दुपटे बदलल्यावर, कच्च्या मांसाला हात लागल्यावर, स्वयंपाकापूर्वी आणि जेवणापूर्वी साबण लावून निदान वीस सेकंद हात चोळावेत. बोटांच्या बेचक्या, नखे व अंगठे विसरू नयेत. मग हात स्वच्छ पंचाला पुसावेत. नेसत्या वस्त्राला नव्हे.

हात धुतल्याने दूषित पाणी शुद्ध होत नाही, हेही सांगितले पाहिजे. शंका असेल तेव्हा पाणी खळखळून उकळावेच, आणि नळाला शुद्ध पाणी मिळावे म्हणून नगरपालिकेकडे आग्रहही धरावा. परंतु ताटापर्यंत पोहोचलेला रोग तोंडात जाऊ न देणे, एवढे तरी आपल्याच हाती आहे.