‘स्ट्राइक’ : एका क्रियापदाचा पसारा

प्रौढपणी इंग्रजी शिकणाऱ्या माणसाला लांबलचक, बोजड शब्द अडवतात असा आपला समज असतो. अनुभव उलट आहे. मोठ्या शब्दाला बहुधा एकच अर्थ असतो. तो कोशात पाहिला की काम झाले. माणूस अडतो तो लहानशा, रोजच्या वापरातल्या क्रियापदांपाशी. गेट, टेक, सेट, रन ही सारी त्याच जातीची. त्यांपैकी एकच आज आपल्यापुढे मांडावयाचे ठरविले आहे, आणि ते माझ्या कामातले आहे : ‘स्ट्राइक’.

स्ट्राइक म्हणजे संप, हे गिरणगावातल्या निरक्षर माणसालाही ठाऊक होते. परंतु इंग्रजी वर्तमानपत्र उघडले की हा एवढा अर्थ पुरत नाही. तेथे घड्याळ ‘स्ट्राइक’ करते, वीज ‘स्ट्राइक’ करते, दोन पक्ष सौदा ‘स्ट्राइक’ करतात आणि न्यायालय एखादा कायदा ‘स्ट्राइक डाऊन’ करते. क्रिकेटच्या मैदानावर ‘ऑन स्ट्राइक’ असलेला गडी म्हणजे ज्याची खेळण्याची पाळी आहे तो. कारखान्याच्या दारात ‘ऑन स्ट्राइक’ असलेला गडी म्हणजे ज्याने हात आवरला आहे तो! अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये तर फटका हुकला की त्याला ‘स्ट्राइक’ म्हणतात. ‘स्ट्रायकिंग’ म्हणजे नजरेत भरणारे, आणि ‘स्ट्रायकिंग वर्कर्स’ म्हणजे मात्र संपावरचे कामगार. मग ते दिसावयास कसेही असोत.

यात घाबरण्यासारखे काही नाही. आपल्या मराठीतले ‘मारणे’ घ्या. आपण हाक मारतो, उडी मारतो, गप्पा मारतो, शिक्का मारतो, बाजी मारतो, दांडी मारतो. यांपैकी एकाही ठिकाणी कोणाच्या पाठीत धपाटा बसत नाही. हे सारे अर्थ आपण पाठ केले काय? मुळीच नाही. ‘मारणे’ हा शब्द आपण कधी एकटा शिकलोच नाही; तो शेजारच्या नामासकट कानावर पडला आणि तसाच जिभेवर बसला. इंग्रजी क्रियापदही असेच शिकावे, हेच मला सांगावयाचे आहे. क्रियापदाचा अर्थ त्याच्या सोबत्यांत शोधावा. त्याच्यापुढे कोणते नाम आहे आणि मागे ‘ऑफ’, ‘आउट’, ‘डाऊन’ यांपैकी कोणते शेपूट आहे, एवढे पाहिले की निम्मे काम होते.

उरलेले निम्मे काम मुळाकडे गेल्याने होते. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ तडाखा देणे असा नव्हता. सरकणे, जाणे, एखाद्या वस्तूवरून हलकेच हात फिरविणे, असा तो अर्थ होता. तडाख्याचा अर्थ पुढे काही शतकांनी आला. ‘स्ट्रोक’ हा शब्द याच घराण्यातला. जर्मन भाषेतला त्याचा भाऊ ‘श्ट्रायशेन’ हा आजही हात फिरविणे, रंग लावणे आणि रेघ ओढून खोडणे या अर्थांनी वापरतात. हे ध्यानात आले म्हणजे पसाऱ्याला शिस्त लागते. धान्याच्या मापावरून दांडी फिरवून शीग उतरविणे, हेही इंग्रजीत ‘स्ट्राइक’च. यादीतल्या नावावरून लेखणी फिरविणे म्हणजे ‘स्ट्राइक ऑफ’. वर चढलेली वस्तू खाली सरकविणे हीदेखील त्याचीच एक फांदी : तंबू ‘स्ट्राइक’ करणे म्हणजे तो उतरविणे, निशाण ‘स्ट्राइक’ करणे म्हणजे ते खाली घेणे, आणि शीड ‘स्ट्राइक’ करणे म्हणजे शीड उतरविणे.

या शेवटच्या प्रयोगातूनच आपला ‘स्ट्राइक’ जन्मला. १७६८ साली लंडनच्या बंदरातील खलाशांनी वेतनाच्या मागणीसाठी जहाजांची शिडे उतरवून ठेवली. शीड नाही तर जहाज हालत नाही, आणि जहाज नाही तर व्यापार हालत नाही. या कृतीचे नाव पुढे काम थांबविण्यालाच पडले, आणि ते समुद्रावरून जमिनीवरच्या कारखान्यांत आले. जर्मनांनीसुद्धा संपासाठी शब्द घेतला तो इंग्रजांचाच. गंमत अशी की, समुद्रावर निशाण उतरविणे ही शरणागतीची खूण. त्याच क्रियापदाने खलाशांनी न नमण्याचा अर्थ कमावला.

आमचा ‘संप’ हा शब्द मात्र निराळ्या अंगाने जातो. गुजरातीत ‘संप’ म्हणजे एकोपा. इंग्रजी शब्दाने काय उतरविले ते सांगितले. आमचा शब्द कोणत्या बळावर ते सांगतो. कायद्यालाही दोन्ही गोष्टी लागतात. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने संपाची जी व्याख्या केली, तिच्यात काम थांबणे आणि ते अनेकांनी मिळून थांबविणे, ही दोन्ही अंगे होती. एकट्याने घरी बसणे म्हणजे गैरहजेरी. तो संप नव्हे. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने व्याख्या आणखी रुंद केली. निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली, तर तिच्या लेखी तोही संपच.

आता कोणी म्हणेल, ही शब्दांची चिकित्सा पंडितांसाठी ठीक. कामकऱ्याला तिचा उपयोग काय? त्याचे उत्तर एका कारखान्याच्या पत्रात आहे. काही तरुण कामगार बरेच दिवस गैरहजर होते. त्यांना इंग्रजीत पत्रे आली, की तुमचे नाव मस्टरवरून ‘स्ट्रक ऑफ’ झाले आहे. पोरांनी ‘स्ट्रक’ वाचले, ते ‘स्ट्राइक’चे भूतकाळी रूप हे त्यांना शाळेत शिकविलेले होते, आणि ‘आम्ही संपावर गेलोच नव्हतो’ असे खुलासे ते लिहीत बसले. पत्रात संपाचा आरोप नव्हताच. त्यात होते ते एवढेच, की तुमच्या नावावर काट मारली आहे. म्हणजे नोकरी गेली. ‘ऑफ’ या दोन अक्षरी शेपटाकडे कोणाचे लक्ष गेले नाही आणि हरकत घ्यावयाची ती भलत्याच गोष्टीवर घेतली गेली.

‘स्ट्रक ऑफ’ हा शब्दप्रयोग कारकुनी वाटतो, जणू काही वहीतली दुरुस्ती. परंतु १९७७ साली दिल्ली क्लॉथ मिलच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, पटावरून नाव काढून टाकणे ही १९४७ च्या कायद्याप्रमाणे कामगारकपातच होय. म्हणून तिला लागू असलेल्या नोटीस आणि भरपाईच्या अटी पाळल्याच पाहिजेत. शब्द कितीही सौम्य वापरला, तरी कृती कोणती झाली ते न्यायालयाने पाहिले. आपणही वाचताना तेच पाहावे.

म्हणून शिकणाऱ्यांना माझे सांगणे साधे आहे. एक वही करावी. तिच्यात ‘स्ट्राइक म्हणजे अमुक’ अशी ओळ लिहू नये. पुरते वाक्य लिहावे. ‘स्ट्राइक फॉर’ आले की पुढे मागणी असते, ‘स्ट्राइक अगेन्स्ट’ आले की पुढे प्रतिपक्ष असतो. ‘स्ट्राइक आउट’ म्हणजे मजकूर खोडणे. ‘इट स्ट्रक मी’ म्हणजे मला एकदम सुचले. ‘पॉव्हर्टी-स्ट्रिकन’ म्हणजे दारिद्र्याने गांजलेला. ‘स्ट्रिकन’ हे याच क्रियापदाचे जुने रूप. अशी वीस वाक्ये जमली की एकविसाव्याचा अर्थ कोशाविना लागू लागतो.

आपल्या भाकरीचा निर्णय अजूनही पुष्कळदा इंग्रजीत लिहिला जातो. तो कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावयाचा की स्वतः वाचावयाचा, हा प्रश्न विद्वत्तेचा नाही, तो हक्काचा आहे. आणि त्या कागदावरची मोठी अक्षरे वाचून झाली की लहान शब्दांवरून पुन्हा एकदा बोट फिरवावे.