दारावर ठेवलेले पेन

हिंजवडी आमच्या मुळशी तालुक्यातले गाव. आता तिथे राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभा आहे. काही वर्षांपूर्वी तिथल्या एका कंपनीत मला कवितावाचनाला बोलावले होते. दारावरच्या रखवालदाराने खिशातले पेन काढून ठेवायला सांगितले. म्हणाला, ‘‘चाचा, आतलं काही लिहून बाहेर नेता येत नाही.’’ कवीचे पेन काढून घ्यायला आजवर संपादकही धजले नव्हते!

रखवालदाराचे चुकत नव्हते. परदेशी बँका, विमा कंपन्या आपली कामे इकडे पाठवतात, तेव्हा तिकडच्या माणसाची नोकरी जाते. पण कामाबरोबर तिथल्या ग्राहकांचे खाते क्रमांक आणि आजारपणेही इकडे येतात. एप्रिल २००५ मध्ये पुण्यातल्या कॉल सेंटरच्या काही आजी-माजी कर्मचाऱ्यांना अटक झाली. सिटीबँकेच्या अमेरिकन ग्राहकांकडून गोड बोलून पिन क्रमांक काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर इथल्या खात्यांत वळवले, असा आरोप होता. त्याला पेन कुठे लागले?

अशा प्रकारांनी परदेशी गिऱ्हाईक बिथरते. डिसेंबर २००८ मध्ये, मुंबईवरील हल्ल्याला महिना होत असताना, संसदेने माहिती तंत्रज्ञान कायद्यात दुरुस्ती केली. माहिती जपण्यात हयगय करणाऱ्या कंपनीवर भरपाईची जबाबदारी आली. त्याच दुरुस्तीत, कलम ६९ खाली, संगणकातली माहिती पाहण्याचा सरकारचा अधिकारही रुंदावला. कुलूप आणि दुसरी किल्ली एकाच कागदात आली म्हणा ना! डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने तो अधिकार वापरायला दहा यंत्रणांची नावे जाहीर केली. त्याच्या आदल्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला होता.

२०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदाही वाचण्याजोगा आहे. परदेशी कंपनीशी करार करून परदेशातल्या लोकांची माहिती इथे हाताळली, तर बहुतेक बंधनांतून सूट आहे. ती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मात्र सुटत नाही. देशाची सुरक्षा वा सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्राने अधिसूचित केलेल्या सरकारी यंत्रणेला तर हा कायदाच लागू होत नाही. त्या यंत्रणेकडे जमणारी माहिती तुमची-आमची.

वाचन संपवून बाहेर आलो. रखवालदाराने पेन परत दिले आणि वही पुढे सरकवली : नाव, गाव, मोबाइल नंबर, सही. माझ्या वरच्या ओळींत सकाळपासून आलेल्या सगळ्यांचे नंबर उघडे होते. मीही माझा लिहिला.