मेडिकल कोडिंग : सनद कोणत्या संस्थेची घ्यावी?

कारागीर आणि छोट्या व्यापाऱ्यांच्या घरांतून आता बी.एस्सी., बी. फार्म., बी.यू.एम.एस. झालेली मुले-मुली बाहेर पडत आहेत. त्यांना पुणे, मुंबई, हैदराबादकडे ‘मेडिकल कोडिंग’ची नोकरी दिसते. मग वडिलांपुढे प्रश्न येतो : क्लासवाला सांगतो त्या अमेरिकन सर्टिफिकेटसाठी गल्ल्यातून पैसे काढावेत की नाही? वाचकांच्या सोयीसाठी ही माहिती देत आहोत.

अमेरिकेत रुग्णाच्या उपचाराचे बिल विमा कंपनीकडे जाते तेव्हा रोग आणि उपचार सांकेतिक क्रमांकांत लिहावे लागतात. डॉक्टरांचे टिपण वाचून अचूक क्रमांक बसविणारा तो कोडर. क्रमांक चुकला की बिल परत येते. जाणूनबुजून भारी क्रमांक लावला तर ती कायद्याने फसवणूक ठरते. या कामाचा मोठा भाग भारतातील कंपन्यांकडे येतो.

कोडरला सनद देणाऱ्या दोन संस्था प्रमुख आहेत. ‘अहिमा’ ही जुनी. १९२८ साली इस्पितळांची दप्तरे सांभाळणाऱ्यांनी ती उभी केली, कचेरी शिकागोला. ‘एएपीसी’ १९८८ची, सॉल्ट लेक सिटीची, आणि तिची सुरुवात डॉक्टरांच्या दवाखान्यांतील बिलांपासून झाली. हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, दोघींच्या मुख्य परीक्षा आजही त्याच वळणाच्या आहेत.

एएपीसीची सीपीसी परीक्षा मुख्यत्वे डॉक्टरांच्या कामाच्या बिलांवर असते. १०० प्रश्न, ४ तास, आणि उत्तीर्ण होण्यास ७० टक्के गुण. कोडची पुस्तके जवळ ठेवता येतात. तेव्हा घोकंपट्टीपेक्षा पुस्तकात नेमके पान झटकन काढण्याची सवय कामी येते. अहिमाच्या सीसीएसमध्ये इस्पितळात दाखल झालेल्या रुग्णाचे कोडिंगही येते. त्यातील शस्त्रक्रियांचे कोड सात अक्षर-अंकांचे असतात आणि शरीररचना पक्की नसेल तर ते जमत नाहीत. ही परीक्षा मुरलेल्या माणसाची. नवख्यांसाठी अहिमाची सीसीए आहे. उलट दाखल रुग्णांच्या कामासाठी एएपीसीनेही सीआयसी ठेवली आहे. अहिमाच्या आरएचआयटी व आरएचआयए या सनदांना मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाची पदवी लागते. येथील क्लासवाला त्या ‘सहा महिन्यांत’ देऊ करीत असेल तर खुशाल उठून यावे.

आता जी गोष्ट क्लासच्या पत्रकात बहुधा नसते ती. सीपीसी उत्तीर्ण झालेल्या, पण अनुभव नसलेल्या उमेदवाराच्या सनदेपुढे ‘ए’ हे अक्षर लागते. ‘ए’ म्हणजे ॲप्रेंटिस. आपल्या भाषेत शागिर्द. दोन वर्षे काम केल्याचे पुरावे दिल्यावर ते अक्षर निघते. ८० तासांचे मान्य शिक्षण घेतले असल्यास त्यातील एक वर्ष माफ होते. उस्तादाच्या हाताखाली बसल्याशिवाय हुन्नर मानायचे नाही, हा रिवाज आपल्या कारागिरांना नवा नाही. पण ‘परीक्षा झाली की नोकरी पक्की’ असे कोणी म्हणत असेल तर त्याला या अक्षराबद्दल जरूर विचारावे.

दुसरे खर्चाचे. परीक्षेची फी एकदाच, पण सनद जिवंत ठेवण्याचा खर्च चालूच राहतो. एएपीसीचे सभासदत्व दरवर्षी चालू ठेवावे लागते आणि एका सनदेसाठी दर दोन वर्षांत ३६ तासांचे पुढील शिक्षण दाखवावे लागते. अहिमाची परीक्षा सभासद न होताही देता येते, फी मात्र जास्त पडते. सीसीएसला दोन वर्षांत २० तास पुरतात. सारा हिशेब डॉलरमध्ये, तेव्हा रुपया घसरला की बोजा वाढतो.

आमचे मत विचाराल तर नवख्याने आधी सीपीसी द्यावी, आणि दाखल रुग्णांच्या बिलांवर काही वर्षे हात बसला की सीसीएस किंवा सीआयसीचा विचार करावा. मात्र पैसे भरण्यापूर्वी ज्या कंपन्यांत जायचे त्यांच्या चार जाहिराती काढून कोणती अक्षरे मागितली आहेत ती पाहावीत. काही कंपन्या आधी कामावर घेऊन मग परीक्षेला बसवतात. तशी संधी मिळाल्यास क्लासची घाई नको.

एक बारीक गोष्ट राहिली. परीक्षेच्या वेळी ओळखपत्र पाहतात. आपल्याकडे ‘शेख’ कधी पुढे, कधी मागे, आणि ‘मोहम्मद’चे इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक दाखल्यावर निराळे असते. अर्जातील नाव ओळखपत्रावरील नावाशी अक्षरन् अक्षर जुळवूनच अर्ज भरावा.